जांभुळझरी तलावाची नोंद

"जगाची सारी माहिती सांगनारी मशीन इथंच हाये का?"

मी मान वर केली. वाचनालयाच्या दारात साठीची एक बाई उभी होती. शिडशिडीत, काळीसावळी, लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचलेलं. डोक्यावरची टोपली तिने बाहेर पायरीशी ठेवली होती आणि आत यावं की नाही, या विचारात होती. मंगळवार होता, आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. टोपलीला मासळीचा वास होता, म्हणजे बाई विकून-सवरून परत निघालेली.

"इथंच आहे, या ना," मी म्हणाले. "काय बघायचंय?"

"मले वाचता येत नाही. तू वाचून दाखवशील का?"

"दाखवेन की. कशाबद्दल वाचू?"

तिने थोडा वेळ माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, "जांभुळझरीच्या तलावाचं वाच."

मी खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाले. ती नोंद मीच लिहिली होती, आठच दिवसांपूर्वी. तोवर ती किती जणांनी उघडली याचा आकडा मी रोज बघायची. आकडा होता चार. त्यातल्या तीन वेळा मीच.

ही गोष्ट २०१० सालातली. भंडारा जिल्ह्याच्या एका टोकाला, जंगल आणि तलावांच्या मुलखात आमचं गाव आहे. मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. वाचनालयाला एक संगणक मिळाला होता आणि इंटरनेट जोडून झालं होतं. आदल्या वर्षी दिवाळीच्या आधी नागपूरला आम्हा ग्रंथपालांचं दोन दिवसांचं शिबिर झालं. इंटरनेटवर मराठीत एक मुक्त ज्ञानकोश आहे, तो कोणीही वाचू शकतं, त्यात कोणीही भर घालू शकतं, हे तिथे कळलं. मी परत आले ती भारावूनच. बाजाराच्या दिवशी चौकात माइक लावून मी सांगितलं, "अख्ख्या जगाची माहिती, आपल्या भाषेत, फुकट! वाचनालयात या."

दोन महिन्यांत आलं कोणी नाही. दहावीची दोन मुलं आली आणि क्रिकेटचा स्कोअर बघून गेली. मी हौसेने ध्रुवीय अस्वलांवर, ज्वालामुखींवर मजकूर लिहीत होते. शेवटी शिबिर घेणाऱ्या देवतळे सरांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "मॅडम, तुमच्या गावात ध्रुवीय अस्वल कोण शोधणार? तुमच्याकडे तलाव किती आहेत, सांगा."

"असतील शंभरेक तालुक्यात."

"त्यातल्या एकाबद्दल तरी त्या कोशात एक ओळ आहे का? नाही. तिथून सुरू करा."

म्हणून मी जांभुळझरीचा तलाव निवडला. त्याला एक घरचं कारणही होतं. आमचे आजोबा, दामाजी पाटील गहाणे, त्या तलावाचे मालगुजार, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारे जमीनदार. मालगुजारी गेल्यावर त्यांनी पुढाकार घेऊन १९५६ साली तलावाची पाळ उंच केली, आमच्याकडे तिला पार म्हणतात. त्यामुळे खालची दीडशे एकर धानशेती पाण्याखाली, म्हणजे ओलिताखाली आली. हा सगळा इतिहास बाबांनी मला सांगितला आणि मी तो टिपून घेतला. बाबा, केशवराव गहाणे गुरुजी, चौतीस वर्षं शिक्षक होते आणि वाचनालयाचे अध्यक्षही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. वडिलांचं नाव ज्ञानकोशात आलं म्हणून बाबांनी त्या पानाची छापील प्रत काढून दिवाणखान्यातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली होती.

तर त्या मंगळवारी मी ती नोंद मोठ्याने वाचली. तलाव कुठे आहे, किती जुना, पाणी किती, शेती किती, पार कोणी उंच केली. शेवटी मासे आणि पक्षी. बाई जमिनीवर उकिडवी बसून ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "बस? इतलंच?"

"सध्या एवढंच आहे."

"बरं," ती उठली. "पुढच्या मंगळवारी येतो."

तिचं नाव बयनाबाई वलथरे. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची, जांभुळझरीचीच. पुढच्या मंगळवारी ती खरंच आली, आणि पुन्हा तीच नोंद वाचायला सांगितली. मासे आले तशी तिने मला थांबवलं.

"रोहू, कटला, मृगळ? हे त सोसायटीनं बीज टाकलेले मासे होत. तलावाचे कोठं हायेत?"

"तलावाचे कोणते?"

"दाढक, बोटरी, पोस्टी, शिंगूर, मरळ," ती बोटांवर मोजत सांगू लागली. "आन देवधान लिवलं नाहीस. पोवनाचे कांदे लिवले नाहीत. आमी दोन महिने त्याच्यावरच जगत होतो लहानपनी."

मी वही घेतली. देवधान म्हणजे तलावात आपोआप उगवणारा भात आणि पोवन म्हणजे कमळाच्या जातीतली एक पाणवनस्पती, हे मला तिच्याकडूनच कळलं. त्या दिवशी तिने मला अकरा मासे आणि सात पाणवनस्पती सांगितल्या. कोणता मासा गढूळ पाण्यात येतो, कोणता पाऊस लागताच ओढ्याने उलटा चढतो, सगळं. छापील आधार शोधायला मला आठवडा लागला, आमच्या वाचनालयात मत्स्यशास्त्राचं एक जुनं पुस्तक निघालं, काही एका शोधनिबंधात सापडलं. मी नोंद वाढवली.

तिसऱ्या मंगळवारी बयनाबाईंबरोबर आणखी दोघी आल्या. चौथ्या मंगळवारी पाच. बाजार आटोपला की टोपल्या पायरीवर रांगेने आणि बाया आत. "मरळीचं वाच," "त्या धानाचं वाच," म्हणत. एकीने शेजारच्या बोडीबद्दल विचारलं, बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. त्यावर काही नव्हतं, मग तिने सांगितलं आणि मी लिहिलं. मुलींना पत्ता लागला की आयांनी सांगितलेलं इंटरनेटवर दिसतं, म्हणून कॉलेजातल्या मुली यायला लागल्या. जांभुळझरीच्या नोंदीचा आकडा महिन्याभरात चारवरून दोनशे बारावर गेला. कोणी नागपूरहून बघत होतं, कोणी सुरतेहून, कोणी रायपूरहून. गावातून बाहेर गेलेली माणसं असावीत. मी देवतळे सरांना आकडा कळवला, ते म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं?"

मला मात्र एका गोष्टीने छळलं होतं. बाकीच्या बाया नवं काही ऐकलं की खूश व्हायच्या. बयनाबाईंचं तसं नव्हतं. त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकत, पारेच्या वाक्याला त्यांचे डोळे थोडे बारीक होत, आणि शेवटी तेच. "बस? इतलंच?"

एकदा मी विचारलंच, "मावशी, तुम्हाला नक्की काय ऐकायचंय? सांगा, मी शोधते."

"मी कायले सांगू? तूच म्हनली होतीस ना माइकवर, साऱ्या जगाची माहिती हाये म्हनून."

"हो, पण..."

"मंग आसंन त्याच्यात. आज नाही त उद्या येईन." आणि टोपली उचलून निघून गेल्या.

मी त्यावर डोकं लावलं. एखादा मासा राहिला असेल? पक्षी? तलावात कोणी बुडून गेलं असेल का? त्यांच्या घरचं? मी त्यांच्याबरोबरच्या बायांना विचारलं तर त्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि विषय बदलला. ज्याच्यापायी रात्रीची झोप उडावी असं काही हे नव्हतं. पण भात निवडताना, पुस्तकांना कव्हर घालताना तेच मनात घोळायचं. या बाईला काय ऐकायचंय?

मे महिन्यात बयनाबाई दोन मंगळवार आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी नोंदीची छापील प्रत घेतली आणि जांभुळझरीची एसटी पकडली.

घरी सून होती. म्हणाली, "आत्याबाई तलावात गेल्या. पानी उतरलं ना, कांदे खनाले."

तलाव मी आजवर पारेवरूनच पाहिला होता. त्या दिवशी पहिल्यांदा खाली उतरले. पाणी मधोमध आक्रसलं होतं, बाकी सगळी भेगाळलेली काळी माती आणि त्यावर उगवलेली हिरवी लव. पलीकडच्या टोकाला, उंचवट्यासारख्या भागावर, बयनाबाई बसलेल्या दिसल्या. जवळ खुरपं आणि चार-पाच कांदे. पण त्या खणत नव्हत्या. एका सपाट दगडावर पाय सोडून नुसत्या बसल्या होत्या.

"आलीस?" त्या म्हणाल्या, जणू मी येणार हे त्यांना ठाऊक होतं. "बस इथं. हे माह्या मायचं घर."

मी खाली पाहिलं. सपाट दगड नव्हता तो एकटा. तशा दगडांची ओळ होती, चौकोनी. एका कोपऱ्यात मातीत रुतलेलं उखळ. पलीकडे तशीच दुसरी ओळ, तिच्यापुढे तिसरी. मधून गेलेली वाट अजून ओळखू येत होती. दोन चिंचांचे काळे पडलेले बुंधे उभे होते.

"इथं गाव होतं?"

"सिंगाडटोली. आमी सारे ढिवर. शिंगाडे लावाचो, मासे माराचो. इथं माहं घर, ते माह्या मामाचं, ते तिकडं शेवटचं लंगड्या सदूचं. तुमच्या आज्यानं पार उंच केली, आन त्याच पावसात पानी आलं. धा दिवसांत सारं खाली गेलं. कोनी इकडं गेले, कोनी तिकडं. आमी जांभुळझरीत आलो."

ज्या ओळीचा मला अभिमान होता ती ओळ म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा बघत होते. दीडशे एकर धानशेती पाण्याखाली आली, असं मी लिहिलं होतं. पाण्याखाली आणखी काय आलं, ते लिहिलं नव्हतं.

"मावशी, मग तुम्ही सांगितलं का नाही मला? पहिल्याच दिवशी सांगायचं होतं."

"पाहत होतो, त्या मशीनले मालूम हाये का. पहिले दोन-तीनदा ऐकलं तवाच समजलं, नाही मालूम." त्यांनी खुरप्याने मातीत एक रेघ ओढली. "पन मंग वाटलं, मशीनले नसंन मालूम, गुरुजीले त मालूम हाये. आज सांगतील, उद्या सांगतील. म्हनून येत राह्यलो."

"कोणते गुरुजी?"

"तुयाच बाप. इथं जनपदाची सरकारी शाळा होती, त्या चिंचेखाली. सव्वा वरीस तुयाच बाप शिकवाले येत होता. सायकल पारेवर ठेवाचा आन चालत याचा."

घरी पोचले तेव्हा बाबा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. ऊन उतरत होतं. मी चप्पल काढली, पाय धुतले, आणि पाय पुसतानाच विचारलं, "बाबा, सिंगाडटोली कुठे होती?"

पेपर खाली आला नाही. "कोणी सांगितलं?"

"मी जाऊन आले."

"तिथं काही नव्हतं," बाबा म्हणाले. "पाच-सहा झोपड्या होत्या. हंगामी. ते लोक पाण्याबरोबर हलतात, मंदा. आज इथं, उद्या तिथं."

"मग तुम्ही तिथे सव्वा वर्ष कोणाला शिकवत होता?"

आता पेपर खाली आला. बाबांनी तो घडीवर घडी घालत अगदी छोटा केला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "जेवायला वाढ." त्यानंतर तीन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

बाबांच्या शब्दावर मी विसंबून राहू शकत नव्हते, बयनाबाईंच्याही नाही. ज्ञानकोशाचा नियम साधा होता. कुठेतरी छापून आलेलं असलं तरच लिहायचं. पहिले दोन दिवस मी तालुक्याच्या नकाशात सिंगाडटोली शोधली, नव्या गावांच्या यादीत शोधली. मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी आठवलं, मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जुन्या जनगणनेचे जाडजूड खंड आहेत. कोणी हात लावत नाही म्हणून ते खालच्या कप्प्यात ढकललेले. १९५१ चा खंड मी बाहेर काढला. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या. बोटाने ओळी मोजत मोजत जांभुळझरीपर्यंत आले. तिच्याखाली, बारीक अक्षरात:

शिंगाडटोला. घरे १४. लोकसंख्या ६८.

६१ च्या खंडात त्याच जागी हे नाव नव्हतं.

मी संगणकासमोर बसले. पारेच्या वाक्यापुढे एकच वाक्य घातलं. "पार उंच केल्यानंतर तलावाच्या पोटातील शिंगाडटोला ही चौदा घरांची वस्ती पाण्याखाली गेली." जनगणनेचा खंड आणि पान क्रमांक खाली दिला. वाक्य लिहायला दोन मिनिटं लागली असतील. साठवण्याचं बटण दाबायला मात्र मी बराच वेळ घेतला. बाबा अध्यक्ष होते, आणि काचेखालचं ते पान आता खोटं नाही तरी अर्धं ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बाबा वाचनालयात आले. एरवी ते बैठकीपुरते यायचे. सरळ माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "नोंद उघड."

मी उघडली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. ते वाक्य आलं तिथे थांबले. दोनदा वाचलं.

"हे खरं आहे, याचा आधार?"

मी खंड त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पान पाहिलं, वाळवीने खाल्लेल्या कडेवरून अंगठा फिरवला. आता ते ओळ काढायला सांगतील, याची मी वाट बघत होते. काय उत्तर द्यायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं.

"चौदा नाही," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"सोळा. जनगणना झाल्यावर दोन घरं वाढली. पांडू नान्हे आपला वेगळा झाला, आणि कुशाबाईच्या जावयाने बांधलं." ते खुर्चीवर बसले. "हे लिहायला काय लागेल?"

"छापून आलेलं लागेल, बाबा."

त्यांनी मान डोलावली आणि उठून गेले.

पुढचे पंधरा दिवस ते सकाळी वही घेऊन बसत. मी विचारलं नाही. जूनच्या शेवटी जिल्ह्याच्या एका साप्ताहिकात तिसऱ्या पानावर त्यांचा लेख आला, "माझी पहिली शाळा" या नावाने. तो मी इतक्यांदा वाचला की अजून तोंडपाठ आहे. सोळा घरांच्या कर्त्या माणसांची नावं त्यात होती. शाळेतल्या एकोणीस मुलांची नावं होती, हजेरीपटाच्या क्रमाने, आडनावासकट. शेवटचा परिच्छेद असा होता:

"पार उंच करण्याचं ठरलं तेव्हा वडिलांनी मला सांगितलं, मुलांना सांगून टाक, घरच्यांना सामान बांधायला लावतील. मी तेवीस वर्षांचा होतो. वडिलांना काही विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. मी मुलांना सांगितलं, उद्यापासून शाळेला सुट्टी आहे. मुलं आनंदाने ओरडत घरी गेली. ती सुट्टी अजून संपलेली नाही. दुसरी शाळा कुठे भरेल हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण ती कुठेच भरणार नव्हती. चौपन्न वर्षं मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. जिथे काही नव्हतं असं म्हणत आलो, तिथे मी रोज सकाळी एकोणीस नावं पुकारत होतो."

पुढे काय काय झालं ते इथेच सांगून टाकते. मी त्या लेखाच्या आधाराने नोंद सुधारली, सोळा घरं लिहिली, शाळा लिहिली. पावसाळा संपेपर्यंत ती नोंद दीड हजारांवर वेळा उघडली गेली. एके दुपारी राजनांदगावहून फोन आला. एका माणसाच्या मुलीने मोबाइलवर नोंद वाचून दाखवली होती. तो म्हणाला, "गुरुजी हायेत का? त्यांना सांगा, हजेरीतला सातवा मी." बाबा फोनवर नुसतं "हो, हो" करत राहिले. आणखी तीन-चार तलावांच्या काठची माणसं वाचनालयात येऊन म्हणाली, आमच्याकडेही एक टोली होती, लिहा. प्रत्येकीसाठी पुरावा मिळाला नाही. मिळाला तिथे लिहिलं. देवतळे सरांनी नंतरच्या एका शिबिरात आमचं उदाहरण दिलं, वाचक कसे वाढवावेत याचं. मी तिथे होते, पण मला जे सांगायचं होतं ते वाचकांच्या आकड्याबद्दल नव्हतं, त्यामुळे गप्प राहिले. काचेखालचं जुनं पान बाबांनी काढून टाकलं नाही. त्याच्या शेजारी साप्ताहिकाचं कात्रण ठेवलं. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली, दोन्ही पानं अजून तिथेच आहेत.

पण मला सांगायचा आहे तो ऑगस्टमधला एक मंगळवार.

रोवण्यांचे दिवस होते. ढिवरांच्या बायाही धान रोवायला मजुरीने जात, त्यामुळे बयनाबाई दीड-दोन महिने आल्या नव्हत्या. रोवण्या संपल्या तशा त्या आल्या. पाय चिखलाने पांढरे पडले होते. बाबा त्या दिवशी वाचनालयातच होते. खरं तर लेख आल्यापासून ते दर मंगळवारी कुठलंतरी काम काढून तिथे येऊन बसत. मी कशासाठी ते विचारलं नव्हतं.

बयनाबाईंनी त्यांना पाहिलं आणि दारातच थांबल्या. पदर डोक्यावरून घेतला.

"या बयनाबाई," बाबा म्हणाले.

"गुरुजी, तुमी म्हातारे झाले."

"तूही झालीस."

मी नोंद वाचायला घेतली. बयनाबाई जमिनीवर बसायला गेल्या तेव्हा बाबांनी आपली खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत, खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. पार आली, वस्ती आली, सोळा घरं आली, चिंचेखालची शाळा आली. मी थांबले. मग मी कात्रण काढलं आणि लेख वाचला, घरांची नावं वाचली. मुलांची नावं वाचली. बाराव्या नावावर मी थोडी हळू झाले.

"बयना सदाशिव नान्हे."

सदाशिव म्हणजे लंगडा सदू, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी तलावात त्यांनी बापाचं घर वेगळं दाखवलं होतं आणि आईचं वेगळं. त्याबद्दल मी पुढेही कधी विचारलं नाही.

शेवटचा परिच्छेद मला वाचता येईना. बाबांनी माझ्या हातातून कात्रण घेतलं आणि स्वतः वाचलं. "ती सुट्टी अजून संपलेली नाही" इथे ते अडखळले. पण पूर्ण वाचलं. बाहेर बाजारातली माणसं परतत होती, कोणाच्या तरी शेळ्या ओरडत होत्या.

"गुरुजी," बयनाबाई म्हणाल्या, "माहं नाव कोन्तं त्याच्यात?"

बाबांनी कात्रण टेबलावर पसरलं आणि बाराव्या ओळीतल्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. बयनाबाई वाकल्या. चेहरा कागदाच्या इतका जवळ नेला की मला वाटलं त्यांना दिसत नाहीये. मी चष्मा शोधू लागले.

"हा न हाये," त्या म्हणाल्या.

बाबांनी वर पाहिलं.

"हा, शेवटचा. न, आन त्याले काना." त्यांचं बोट, रोवणीने सुजलेलं, त्या अक्षराच्या बाजूला कागदावर टेकलं होतं. "ग म भ न. तितलंच झालं होतं आपलं, गुरुजी. मी विसरलो नाही."

बाबांनी मान हलवली, दोन-तीनदा.

बयनाबाईंनी बोट डावीकडे सरकवलं.

"आन हे पहिले दोन कोन्ते?"

बाबांनी दुसरी खुर्ची ओढली, बयनाबाईंच्या शेजारी बसले आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी त्यांना पेन्सिल दिली.